प्रस्थान हजीऱ्याला, विमान पुण्याला

दिनकरराव विमानाने पुण्याला जाऊन आले आणि इकडे ग्वाल्हेरमध्ये गोविंदरावांचं अन्न गोड लागेनासं झालं.

तोवर शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून कोणीही दक्षिणेकडे निघालं की आधी गोविंदरावांचा सल्ला घेऊन निघायचं. गोविंदराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. रेल्वेशी त्यांचा संबंध प्रवाशाचाच. पण पुण्याच्या गाडीत सकाळचं ऊन कोणत्या खिडकीत येतं, इटारसीला चहा घ्यावा की कळ काढावी, भुसावळची केळी गाडी थांबताच घ्यावीत की सुटता सुटता, मनमाडला उतरून पाय मोकळे करण्यात धोका किती, हे सगळं त्यांच्या जिभेवर होतं. नव्या नवऱ्यामुलींना सासरी पाठवताना लोक त्यांना बोलावून घेत. गोविंदरावही जात, अर्ध्या कपावर समाधान मानत आणि मुलीच्या बापाला मनमाडपर्यंत पोहोचवूनच उठत.

दिनकरराव हे त्यांचे साडू. गोविंदरावांच्या पत्नी इंदुताई थोरल्या आणि दिनकररावांची मंदाताई धाकटी. म्हणजे नात्याने गोविंदराव थोरले साडू, आणि हे थोरलेपण त्यांनी आजवर फार निगुतीने सांभाळलं होतं. रविवारी संध्याकाळी मराठी मंडळात सगळी जमली असताना, मंदाताईंना घेऊन विमानाने जाऊन आलेल्या दिनकररावांनी ते पाच मिनिटांत गुंडाळून ठेवलं.

"दोन तास पण नाही लागत हो!" दिनकरराव सांगत होते. "इकडे बेल्ट बांधला, जरा चाय-कॉफी झाली, की तिकडे पुणं हाजिर. आणि खिडकीतून बघाल तर ढग खाली! आपण वर, ढग खाली!"

"अय्या!" इंदुताई म्हणाल्या. "ढग खाली?"

या 'अय्या'ने घात केला. चौतीस वर्षांच्या संसारात गोविंदरावांनी इंदुताईंना भुसावळची केळी निदान दोनशे वेळा सांगितली असतील. एकदाही 'अय्या' आलं नव्हतं. फार तर 'हं' यायचं, तेही पोळी लाटता लाटता. आणि इथे एक मनुष्य, ज्याला कालपरवापर्यंत खांडवा आधी की भुसावळ आधी हे विचारावं लागे, तो दोन वाक्यांत 'अय्या' घेऊन गेला होता. गोविंदरावांनी समोरचा चिवडा बाजूला सारला. नंतर तो दिनकररावांनीच संपवला, हे आणखी एक.

घरी आल्यावर त्यांनी मोबाइल काढून 'ग्वाल्हेर ते पुणे अंतर' असं विचारलं. रेल्वेने साधारण तेराशे किलोमीटर, हवेतून हजाराला थोडे कमीच. गोविंदरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, ऐकलंस का? दिनकरराव तीनशे किलोमीटर कमी फिरून आलेत! पैसे दुप्पट दिले आणि प्रवास कमी मिळाला. याला शहाणपण म्हणत असतील तर धन्य आहे."

"पण पोहोचले ना पुण्याला?" इंदुताईंनी विचारलं.

"पोहोचले. पण मध्ये काही लागलं का? नर्मदा लागली? तापी लागली?"

"ढग लागले," इंदुताई म्हणाल्या आणि दिवा मालवून झोपल्या.

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून मंजिरीचा फोन आला. मंजिरी ही त्यांची लेक. तिचं डोहाळजेवण शुक्रवारी ठरलं होतं. आईशिवाय डोहाळजेवण होत नाही आणि वडिलांशिवाय आईचा प्रवास होत नाही, अशी या घराची रीत. गोविंदरावांनी एक दिवस विचार केल्यासारखं दाखवलं आणि मग खिडकीबाहेर बघत, सहज सुचल्यासारखं म्हटलं, "या वेळी विमानानेच जाऊ म्हणतो."

इंदुताईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. 'अय्या' तोंडापर्यंत आलेलं दिसत होतं. पण नेमका त्याच वेळी कुकर वाजला.

तिकिटं काढायला वरच्या मजल्यावरची शिखा आली. ती बँकेत होती आणि अशी कामं चहा पिता पिता उरकायची. "काका, गुरुवारी डायरेक्ट आहे. बाकी दिवशी दिल्ली होऊन जावं लागेल."

"दिल्ली?" गोविंदराव ताठ झाले. "दक्षिणेला जायला उत्तरेला जाऊ? मी काय वेडा आहे?"

"म्हणून तर म्हणते, गुरुवार घ्या. विंडो सीट देऊ?"

"एक खिडकी. माझ्यासाठी," गोविंदराव म्हणाले. दिनकररावांच्या ढगांची शहानिशा जातीने करायची होती.

तिकिटाची बातमी पार गोरखी मोहल्ल्यापर्यंत पोहोचायला संध्याकाळ लागली नाही. शेजारचे नाना कापसाचे बोळे आणि लवंगा घेऊन आले. नाना कधी विमानात बसले नव्हते, त्यामुळे त्यांचा सल्ला कुठेही अडखळत नव्हता. "उडताना लवंग डाव्या दाढेखाली, उतरताना उजव्या. आणि खाली बघायचं नाही, गोविंदराव. चक्कर येते." खाली बघायचं नसेल तर खिडकीचे पैसे कशाला दिले, असा प्रश्न गोविंदरावांना पडला, पण लवंगा त्यांनी ठेवून घेतल्या.

खरी अडचण निघाली ती इंदुताईंच्या पंचांगातून. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल. त्या दिवशी त्या दिशेला निघू नये. अशा वेळी जुन्या घरांत प्रस्थान ठेवतात: चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू, सुपारी आणि तांदूळ फडक्यात बांधून वाटेवरच्या कोणाच्या तरी घरी ठेवून यायचं. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. मग निघायच्या दिवशी ते गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं. ज्याचं प्रस्थान त्यानेच उचलायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. गोविंदरावांच्या घरी रेल्वेच्या प्रत्येक प्रवासाला प्रस्थान पडत आलं होतं. वस्तू ठरलेली, त्यांचा पितळी फिरकीचा तांब्या. आणि घरही ठरलेलं, स्टेशनच्या वाटेवरचं.

पण विमानाचं काय? गोविंदराव गुरुजींकडे गेले. गुरुजींनी डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"पुणे दक्षिणेला," गुरुजी म्हणाले. "पण आपला विमानतळ कुठे? महाराजपुऱ्याला. म्हणजे तुमचं पाऊल घरातून उत्तरेकडे पडणार. दिशाशूल मुक्कामाचा, पण प्रस्थान पाऊल बघतं. विमान वर गेल्यावर कुठे वळतं ते पायलट बघेल."

"म्हणजे प्रस्थान उत्तरेला?"

"उत्तरेला. आणि मंगळवार-बुधवार उत्तरेला वर्ज्य, तेव्हा सोमवारीच ठेवून या. प्रवासात ज्याच्यावाचून अडेल अशी वस्तू ठेवा."

अर्ध्या लष्करात गोविंदरावांची ओळख होती. पण विमानतळाच्या वाटेवर, उत्तरेकडे, देवाने त्यांचं एकच आपलं घर ठेवलं होतं. हजीऱ्याला. दिनकररावांचं.

इंदुताईंनी लगेच बहिणीला फोन लावला. मंदाताई हरखल्या, पण मागून दिनकररावांचा आवाज आला, "तांब्या? अहो गोविंदराव, विमानात तांब्या कोण नेतो? सिक्युरिटीवाले ठेवून घेतील! पाण्याची बाटली पण नाही जाऊ देत. ते रेल्वेचं वेगळं, हे वेगळं. मला आधी विचारत जा ना भई."

मला विचारत जा! गोविंदरावांनी फोन इंदुताईंच्या हातात दिला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. ज्या तांब्याने तीस वर्षं इटारसीचं पाणी प्यायलं, त्याला आज दिनकररावांनी दारातून परत पाठवलं होतं. राग तर होताच. पण त्या रागात आपल्यालाही आता काहीतरी विमानातलं कळतं हे दाखवायची घाईही होती. आत येऊन ते म्हणाले, "ज्याच्यावाचून अडेल अशी वस्तू म्हणजे ओळखपत्र. विमानात ओळखपत्राशिवाय घेतच नाहीत. आधार, पॅन, मतदार, सगळी एका पाकिटात आहेत माझी. ते पाकीटच ठेवू."

"सगळी?" इंदुताईंनी विचारलं. "एखादं तरी जवळ असू दे."

"प्रस्थान अर्धवट ठेवत नसतात," गोविंदरावांनी सुनावलं.

सोमवारी ते स्वतः हजीऱ्याला जाऊन प्रस्थान ठेवून आले. मंदाताईंनी देवघरात जागा केली होती. दिनकररावांनी चहाबरोबर विमानात पट्टा कसा लावतात ते सोफ्यावर बसून, मंदाताईंची ओढणी कमरेला बांधून दाखवलं. गोविंदरावांनी चहा निम्मा टाकला.

गुरुवारी दुपारचं विमान होतं, तरी गोविंदराव सकाळीच आंघोळ करून बसले. गाडीच्या आधी तासभर स्टेशनवर असणं हा त्यांचा नेम. विमान महाग, म्हणून त्यांनी आणखी वेळ जोडला. गॅलऱ्यांतून शेजारी बघत होते. नाना रिक्षापर्यंत आले. इंदुताईंची पिशवी रिक्षात ठेवताना आतून ठण्णकन आवाज आला. डोहाळजेवणाचं काहीतरी भांडं असेल, म्हणून गोविंदरावांनी लक्ष दिलं नाही.

हजीऱ्याला पोहोचले, तर दिनकररावांच्या दाराला कुलूप.

गोविंदरावांनी कडी वाजवली. कुलूप असलेल्या दाराची कडी वाजवून उपयोग नसतो हे त्यांना माहीत होतं, पण तरी दोनदा वाजवली. मग फोन लावला.

"कुठे आहात तुम्ही?"

"एअरपोर्टवर!" दिनकरराव उत्साहाने म्हणाले. "मंदा पण आहे. म्हटलं, पहिली वेळ आहे तुमची, घाबराल. सगळं दाखवून देतो, गेट कुठे, लाइन कुठे..."

"आणि माझं प्रस्थान?"

"ते देवघरातच आहे ना. मी आणत होतो, पण मंदा म्हणाली, ज्याचं त्यानेच उचलायचं. म्हणून राहू दिलं, आणि कुलूप लावून... थांबा, थांबा. मी किल्ली घेऊन येतो."

इथे शहाण्या माणसाने ओट्यावर बसून वाट पाहिली असती. इंदुताई बसल्याही. पण गोविंदरावांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: दिनकरराव किल्ली फिरवत येताहेत, दार उघडताहेत आणि पुढे आयुष्यभर मंडळात सांगताहेत की मी नसतो तर गोविंदरावांचं विमान चुकलं असतं. हे चित्र त्यांना सोसवेना.

"चल," ते म्हणाले. "तिथे जाऊन सांगतो त्या लोकांना. मोबाइलमध्ये आधार निघतं म्हणे. दिनकररावांच्या किल्लीवर अवलंबून राहणाऱ्यांतला मी नाही."

अशा रीतीने गोविंदराव रिक्षाने विमानतळाकडे निघाले आणि दिनकरराव रिक्षाने हजीऱ्याकडे. वाटेत कुठेतरी दोन्ही रिक्षा एकमेकींच्या शेजारून गेल्या असणार.

विमानतळाच्या दारावर जवान उभा होता. त्याने इंदुताईंचं कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला आणि मान हलवली. मग गोविंदरावांपुढे हात केला.

"आयडी?"

"प्रस्थान में रखा है," गोविंदराव म्हणाले.

"कहाँ रखा है?"

गोविंदरावांनी त्याला दिशाशूल समजावून सांगायचा प्रयत्न केला. जवानाने शांतपणे ऐकून घेतलं. गुरुवार आणि दक्षिण इथपर्यंत तो बरोबर होता. पण पाऊल उत्तरेला पडतं हे आलं तेव्हा तो म्हणाला, "अंकल, मोबाइल में दिखा दीजिए."

मोबाइलने अंगठा मागितला नाही, चेहरा मागितला नाही. फक्त एक ओटीपी मागितला. तो पाठवला कुठे, तर आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर गोविंदरावांनीच वर्षापूर्वी, दोन-दोन नंबर कशाला, म्हणून बंद केला होता.

मंदाताई बाजूला उभ्या होत्या. त्या रडवेल्या झाल्या होत्या. तेवढ्यात दिनकररावांचा फोन आला.

"मी देवघरासमोर उभा आहे," ते म्हणाले. "पण उचलू कसं? मंदाला विचारा ना."

"नका उचलू हो!" मंदाताई ओरडल्या. "दुसऱ्याने उचललं तर भाऊजींचा प्रवास अर्धवट राहतो!"

"माझा प्रवास सुरूच कुठे झालाय?" गोविंदराव इतक्या जोरात म्हणाले की रांगेतले सगळे वळले. "दिनकरराव, उचला! माझी परवानगी आहे! मी इथून मनाने उचलतो, तुम्ही तिथून हाताने उचला!"

दिनकररावांनी उचललं. हाताला पंचा गुंडाळून उचललं, असं नंतर कळलं. पण परत येताना गोला का मंदिरच्या चौकात त्यांची रिक्षा अडकली. "भाऊसाहब, आगे ट्रक बंद पड़ा है, हिलेगा नहीं," असा रिक्षावाल्याचा आवाज फोनमधून सगळ्यांनी ऐकला.

आत काउंटर बंद व्हायची वेळ झाली. इंदुताई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. "राहू दे हो," त्या म्हणाल्या. "संध्याकाळच्या गाडीने जाऊ दोघं. डोहाळजेवण नाही मिळालं तर नाही."

गोविंदरावांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नवी साडी नेसली होती, आणि कधी नव्हे ते नानांचे कापसाचे बोळे आतापासूनच कानात घालून ठेवले होते. लेकीचं पहिलं डोहाळजेवण. आणि मंदाने ढग पाहिले होते, इंदूने नाही. दुसऱ्या विचाराने पहिल्याला थोडा हातभार लावला, खोटं कशाला बोला.

"तू जा," ते म्हणाले.

"मी एकटी?"

"दोन तास पण नाही लागत," गोविंदराव म्हणाले. दिनकररावांचंच वाक्य तोंडातून निघालं हे कळल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. "माझी खिडकी घे. आणि खाली बघ. नानांचं ऐकू नकोस."

इंदुताई आत गेल्या. काचेतून त्या दोनदा वळून बघताना दिसल्या आणि मग दिसेनाशा झाल्या.

दिनकरराव घामाघूम होऊन पोहोचले तेव्हा विमान धावपट्टीवरून उठत होतं. त्यांच्या दोन्ही हातांत ते गाठोडं होतं, नैवेद्य धरतात तसं. तिघंही माना वर करून उभे राहिले. विमान वळलं आणि दक्षिणेकडे लहान होत गेलं.

"खिडकी मिळाली ना त्यांना?" दिनकररावांनी विचारलं.

गोविंदरावांच्या बायकोला ते मिळालं होतं जे त्यांना हवं होतं, आणि ते त्यांनीच दिलं होतं. तरी हेवा वाटायचा तो वाटतच होता.

बाहेर चहा घेताना मंदाताई धीर द्यायला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तर हिंमतवाले. आमचे हे तर पुण्यापर्यंत डोळे गच्च मिटून माझा हात धरून बसले होते. ढग वगैरे सगळं मीच सांगितलं यांना." दिनकरराव कपात बघू लागले. गोविंदरावांनी त्या दिवसातला पहिला चहा चवीने, पूर्ण प्यायला.

संध्याकाळच्या गाडीने ते पुण्याला गेले. डोहाळजेवण हुकलं. पण दिनकररावांचे मिटलेले डोळे त्यांनी भुसावळपर्यंत आणि भुसावळहून पुढे जपून नेले, परत येतानाही जपून आणले. मंडळात भर सभेत, सगळी जमली असताना, ते काढायचे होते. इंदुताईंना त्यांनी विमानाबद्दल एकदाही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पुढचा रविवार आला. गोविंदराव चिवड्याची बशी जवळ ओढून तयारीत बसले. पण लोकांनी त्यांना विचारलंच नाही. सगळे इंदुताईंभोवती.

"काय मग, इंदुताई?" नाना म्हणाले. "लवंग कोणत्या दाढेखाली ठेवली? वेळ किती लागला?"

"पावणेदोन तास," दिनकररावांनी परस्पर सांगून टाकलं. "फार तर दहा मिनिटं इकडे-तिकडे."

गोविंदरावांनी खाकरून घसा साफ केला. आता.

"घड्याळात झाले असतील तेवढेच," इंदुताई म्हणाल्या. "मला तर गाडीपेक्षा लांब वाटलं बाई. गाडीत हे सारखं काही ना काही सांगत असतात. नर्मदा आली, तापी आली, केळी घे. इथे कोणी सांगणारंच नाही, मग संपणार कसं? शेजारची जागा रिकामी. बघवेना. शेवटी मी तांब्या काढला आणि यांच्या जागेवर ठेवला."

"तांब्या?" दिनकरराव खुर्चीत सरळ झाले. "सिक्युरिटीने जाऊ दिला?"

"रिकामा होता ना. दोनदा उलटा करून बघितला आणि दिला परत. आत गेल्यावर भरून घेतला पाण्याने. उडताना त्या मुलीने खाली ठेवायला लावला, पण वर गेल्यावर मी पुन्हा बसवला. खिडकीशी. ती जागा यांची होती. म्हटलं, निदान तांब्या तरी बघून घेईल."

"मग ढग? ढग खाली होते ना?" मंदाताईंनी विचारलं.

"होते," इंदुताई म्हणाल्या. "मी तांब्याला म्हटलं, अहो, बघा तरी."

सगळं मंडळ हसलं. दिनकरराव सगळ्यांत मोठ्याने हसले. त्यांचे मिटलेले डोळे सांगायचं राहूनच गेलं. गोविंदरावांना त्याची आठवणही झाली नाही. साडूबद्दल त्यांच्या मनात आता काहीच उरलं नव्हतं. ते मान खाली घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसले होते, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एका पितळी तांब्याचा हेवा वाटत होता.